गाडीतळापासून सातशे पावलं: निवांत पुळणींची नोंदवही, उन्हाळी भाग

पुण्याहून जाण्याजोग्या कोकणातल्या निवांत पुळणींची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यांची, ही यादी; या फेरीत तिची मांडणीच बदलली. आधी गावाचं नाव आणि पुढे ‘गर्दी’ किंवा ‘निवांत’ अशी खूण असायची. ती पद्धत बाद केली. मे महिन्यातल्या शनिवारी दिवेआगरही दोन्ही टोकांना मोकळं असतं, आणि जिचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा पुळणीवर रस्ता थेट वाळूला टेकत असेल तर सकाळी दहालाच जत्रा भरते. गर्दी गाडीतळाला चिकटून बसते. भेळवाले, घोडेवाले, चारचाकी बाइकवाले सगळे तिथेच, आणि पुण्याहून पाच-सहा तास गाडी हाकून आलेलं कुटुंब सतरंजी घेऊन फार लांब जात नाही. म्हणून आता प्रत्येक नोंदीत पहिला आकडा एकच: गाडी उभी राहते तिथून वाळूवरचं चालायचं अंतर. 500 मीटर, म्हणजे साधारण सातशे पावलं, ही किमान मर्यादा. मध्ये एखादा व्हाळ (ओढा) किंवा खडकाची सोंड असेल तर 300 मीटरही चालतात. पाय ओले करायचे म्हटलं की निम्मे लोक परत फिरतात.

घरबसल्या चाळणी

गूगल अर्थ संगणकावर उघडा, मोबाइलवर नको. जुन्या तारखांची चित्रं बघायची पट्टी संगणकावर सोयीची पडते आणि तीच इथे कामाची. एकाच पुळणीचं ओहोटीचं चित्र सव्वाशे मीटर रुंद दिसतं, भरतीचं तीस. ओली वाळू गडद आणि सुकी फिकट दिसते. झाडोऱ्याच्या कडेपासून त्या रंगबदलापर्यंतची सुकी पट्टी मोजपट्टीने तीन ठिकाणी मोजा. ती सगळ्या तारखांना 15 मीटरच्या वर नसेल तर भरतीला बसायला जागा उरत नाही, नाव खोडा. किनाऱ्याला समांतर राखाडी सरळ रेघ दिसली तर तो धूप रोखायला घातलेला दगडी बंधारा. तिथे भरतीचं पाणी थेट दगडांवर आपटतं, त्यामुळे तेही खोडा.

वाळूवर चाकांची वेटोळी म्हणजे चारचाकी बाइकचा धंदा सुरू झालेला आहे. रंगीत होड्या ओळीने लावलेल्या दिसल्या तर ती मासेमारांची कामाची जागा. तिथे जाळी सुकतात, मासळी उतरते, आपली अडचणच होते. पण वाट विचारायला त्याहून चांगली जागा नाही.

रस्ता आणि वाळू यांच्यात काय आहे ते भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 च्या नकाशांवर बघा. विभागाच्या संकेतस्थळावर ते पीडीएफमध्ये मिळतात. त्यावर खाजण (खाऱ्या पाण्याची दलदल), व्हाळ, पायवाट वेगळी दिसते. उपग्रहचित्रात नारळाच्या झावळ्यांखाली हे सगळं झाकलं जातं. चित्रात ‘पुळणीपर्यंत 150 मीटर’ दिसतं आणि प्रत्यक्षात मध्ये गुडघाभर चिखलाचं खाजण निघतं. या पद्धतीत सर्वात जास्त फसगत इथेच होते.

आणखी एक चाळणी: किनारा नियमन क्षेत्राचे आराखडे. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर, जिथे 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा कमी वस्ती आहे, तिथे भरतीरेषेपासून 200 मीटर बांधकामबंदीचा पट्टा असतो. जास्त दाट वस्तीला 50 मीटर. पहिल्या प्रकारातली पुळण मोकळी राहण्याची शक्यता अर्थातच जास्त. कागदावर तरी.

तिथी बघून तारीख ठरवा

याला अर्धी नोंदवही दिली तरी कमीच. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब पाऊणकीचा: तिथीला पाऊणने गुणा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा, आणि निघायच्या आदल्या दिवशी जवळच्या बंदराचं कोष्टक बघाच. मुंबईचं कोष्टक मालवणला लावू नका: वेळही हलते आणि उंचीही. मुंबईत उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, मालवणकडे तो दोन मीटरच्या आसपास उरतो.

आता हाच हिशोब उन्हाळ्याला लावा. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, म्हणजे वाळू तापून तळवे भाजतात तेव्हा. शिवाय भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने पाणी फारसं मागे हटत नाही. उलट पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंत सकाळची ओहोटी साडेपाच ते साडेआठच्या दरम्यान येते आणि उधाणाची असल्यामुळे पाणी सर्वात लांब जातं. मे महिन्यात उजाडतं सहाच्या सुमाराला. कडक, ओली, रुंद वाळू आणि उन्हाचा पत्ता नाही. दोन किलोमीटर चालणं तेव्हा अर्ध्या तासाचं काम. त्यामुळे सुट्ट्या आधी आणि तिथी नंतर असं न करता महिन्यातले हे आठ दिवस लाल करून घ्या आणि त्यातला मधला वार निवडा.

धोका इथेच लपलेला आहे. ओहोटीला खडकाची सोंड वळसा घालून पलीकडच्या छोट्या पुळणीवर जाता येतं, पण पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. सहा तासांत बाराव्या हिश्शांनी मोजलं तर पहिल्या तासाला एक हिस्सा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन आणि एक. फरक 2.4 मीटर धरला तर पहिल्या तासात पाणी वीतभर, 20 सेंटिमीटर चढतं; तिसऱ्या तासात 60. ‘तासाभरात काहीच चढलं नाही’ म्हणून बसून राहणारे नेमके इथे अडकतात. नियम असा: ओहोटीच्या आधी दीड तास सोंड ओलांडा, नंतर दीड तासाच्या आत परत या. परतीचा गजर सोंड ओलांडतानाच लावा.

पुण्याहून वाटा

थोडक्यात. रायगडसाठी चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव. पहाटे साडेचारला निघालात तर घाट उजाडता उजाडता उतरतो. सातनंतर माणगावच्या महामार्गावर मे महिन्यात किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. मंडणगड-दापोलीसाठी गोरेगावहून आंबेत-म्हाप्रळ, किंवा हरिहरेश्वरकडून बागमांडला-वेसवी तरीने (फेरीबोटीने). गुहागरला कराड-पाटण-कुंभार्ली. तरीची शेवटची फेरी जाताना जेटीवर विचारून ठेवा, येताना नव्हे. पेट्रोल माणगाव, मंडणगड किंवा दापोलीत पूर्ण भरा. स्वारगेटहून श्रीवर्धन, दापोली, गुहागरला एसटी आहे; पुढची वडापची (भरून निघणाऱ्या जीप-टेम्पोची) सोय दुपारनंतर विरळ होते.

पट्ट्यांच्या नोंदी

नेमक्या खुणा मुद्दाम दिलेल्या नाहीत, पट्टे दिले आहेत. पिन टाकली की दोन उन्हाळ्यांत गाडीतळ होतो.

आरावी, कोंडिविली, शेखाडी: रस्ता समुद्राला खेटून जातो, म्हणून देखणा आणि म्हणूनच बाद. मधल्या वारी, सकाळी आठच्या आत, इतकंच.

केळशी: गावातून उतरून उत्तरेला भारजा नदीच्या मुखाकडे चालत जायचं. वाळूची प्रसिद्ध टेकडी त्याच बाजूला. टेकडीवर चढू नका. एक पायवाट पडली की वारा तिथूनच ती पोखरतो. मुखाजवळ पोहायचं नाही, ओहोटीला खाडीचं पाणी जोरात बाहेर ओढतं. केळशीच्या दक्षिणेचं आडे-पाडले सुरूच्या बनामुळे सावलीला उत्तम. मुरूड-कर्दे मे महिन्यात यादीतून काढलेलं.

गुहागर: सातशे पावलांच्या नियमाचा सर्वात सोपा पुरावा. पाच-सहा किलोमीटरची सलग पुळण, माणसं गावासमोरच्या तुकड्यात. असगोलीच्या दिशेने चालत सुटा.

गावखडी आणि वेत्ये: पहिली मुचकुंदीच्या मुखाशी, पूर्णगडाच्या समोर. दोन्हीकडे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. अंड्यांतून पिल्लं यायला दीड ते दोन महिने लागतात, त्यामुळे एप्रिल-मेपर्यंत वाळूत घरटी असू शकतात. रात्री शेकोटी, मोठे दिवे, वाळूवर गाडी, यातलं काहीही नाही. कुंपण घातलेल्या जागेच्या आसपासही बसू नका.

तांबळडेग-मिठबाव आणि तोंडवळी-तळाशील: पुण्याहून दोन रात्री हाताशी असतील तरच. तळाशीलला एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. किनारा सतत झिजतोय, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीची मापं धरून जाऊ नका.

जागेवर पोचल्यावर

पुळण खरोखर निवांत आहे का, हे वाळूच सांगते. सुक्या वाळूच्या वरच्या कडेला जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची मर्यादवेल पसरलेली असते. ती सलग असेल, तिच्यातून वाटा पडलेल्या नसतील, तर माणसांचा वावर कमी. तिच्या खाली खेकड्यांची बिळं बघा. पावलापावलाला बीळ आणि तोंडाशी उकरलेल्या ताज्या वाळूचा ढीग दिसला तर जागा शांत. तुडवलेल्या पुळणीवर बिळं विरळ होतात. सुकलेल्या काटक्या-शिंपल्यांची सर्वात वरची ओळ म्हणजे अलीकडच्या मोठ्या भरतीची रेघ. सामान तिच्या वर.

सावलीसाठी 3 बाय 4 मीटरची ताडपत्री, दोन काठ्या, 6 मिलिमीटरची दोरी. खुंट्या वाळूत टिकत नाहीत. त्याऐवजी चार कापडी पिशव्या वाळूने भरून, दोरी बांधून, हातभर खोल पुरा आणि वरून वाळू पायाने दाबा. काठी खाली रुतत जाते आणि ताडपत्री लोंबते. काठीच्या बुडाशी पालथी करवंटी ठेवली की थांबते. दुपारी वारा समुद्राकडून, बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणून ती कड वाळूला टेकलेली आणि जमिनीकडची उंच. उलट बांधली तर तिचं शीड होतं. नारळाखाली बसू नका, कारण सांगायला नको. पाणी माणशी चार लिटर, परतीच्या चालीचा एक लिटर त्याशिवाय.

पोहण्याबाबत कडक राहा, कारण इथे जीवरक्षक नसतो. लाटा सगळीकडे फुटतायत आणि मध्येच एक गडद, शांत वाटणारी पट्टी आहे, फेस तिथून आत चाललाय: ती परतीच्या प्रवाहाची जागा. नवखा माणूस नेमका तिथेच ‘इथे लाटा कमी’ म्हणून उतरतो. ओढला गेलात तर किनाऱ्याला समांतर पोहा, मग बाहेर या. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) सरकून जातं. काटा लागलाच तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायचं ते त्यासाठीही. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात नैऋत्येचा वारा धरला की समुद्र खवळायला लागतो. इन्कॉइसचा (समुद्राचे अंदाज देणाऱ्या केंद्रीय संस्थेचा) लाटांचा इशारा आदल्या रात्री बघा.

वाडीत गाडी गडग्याला (दगडी कुंपणाला) चिकटवून लावू नका. बैल आणि टेम्पो तिथूनच वळतात. “काका, पुळणीवर पाणंद कुठनं जाते? गाडी इथे चालेल का?” एवढं विचारलं की वाट मिळते, बहुधा बेड्यातून (कुंपणाच्या फाटकातून) आगरातली, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतलीच. बेडं जसं होतं तसं पुन्हा लावा, नाहीतर गुरं शिरतात.

पुढचं काम

1 जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर. पावसाळ्यात फेऱ्या नाहीत. त्या काळात रेवस-रेडी सागरी महामार्गाचे खाडीपूल कुठवर आलेत ते नकाशावर चढवायचं आहे. तरीमुळे आज निवांत असलेल्या पुळणी पूल झाल्यावर आधी जातील, म्हणून ऑक्टोबरची पहिली फेरी त्यांचीच. सुक्या पट्टीची मापं तेव्हा नव्याने घ्यायची.