नवतप्यात रॅमचं टायमिंग लावताना

अंतरपाट खाली येतो तो क्षण. वऱ्हाडी अक्षता टाकतायत, नवरीने मान वर केली, आणि नेमक्या त्याच फ्रेममध्ये तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरव्या-गुलाबी चौकोनांचा एक पट्टा. पुढची फ्रेम स्वच्छ, मागचीही स्वच्छ. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. मे महिना म्हणजे आमचा ऐन सीझन. तो पट्टा दिसला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला, कारण हे फुटेज परत कुठून आणणार? लग्न एकदाच लागतं.

कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलेलं नव्हतं, हे माझं नशीब. कार्डावरची मूळ फाइल लॅपटॉपवर लावून पाहिली तर तिथे चेहरा स्वच्छ होता. म्हणजे बिघाड माझ्या डेस्कटॉपमध्येच झाला होता.

आधी संशय घेतला कार्ड रीडरवर, मग केबलवर, मग हार्ड डिस्कवर. दोन दिवस त्यात गेले. शेवटी ४६ जीबीची एक मोठी फाइल घेतली आणि विंडोजच्या सर्टयुटिल या कमांडने तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधल्या बिटांवरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) तीनदा काढला. फाइलला कोणी हात लावलेला नाही, डिस्क तीच, तरी तीन वेळा तीन वेगळी उत्तरं. फाइल खराब असती तर उत्तर चुकीचं पण दरवेळी तेच आलं असतं. दरवेळी बदलतंय म्हणजे वाचताना, वाटेत कुठेतरी बिट उलटतोय. आणि वाटेत असते रॅम. फाइल मुद्दाम ४६ जीबीची घेतली होती, कारण माझी रॅम ३२ जीबी. छोटी फाइल एकदा वाचली की विंडोज ती रॅममध्येच धरून ठेवतं, आणि मग उत्तर खोटं का होईना, तेच तेच येऊ शकतं.

आता थोडं मागचं सांगते. मशीन एएमडीच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरचं आणि बी५५० बोर्डाचं. आधी ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅमच्या स्टिक होत्या, ३२०० सीएल१६च्या, म्हणजे वेग ३२०० आणि मागितलेला डेटा द्यायला १६ क्लॉक. एप्रिलमध्ये बर्डीच्या बाजारातून तसंच दुसरं किट आणलं. डब्यावरचा मॉडेल नंबर तंतोतंत तोच. दुकानातले भाऊ म्हणाले, "ताई, सेम आहे, डोळे मिटून लावा." नंतर दोन्ही किटची माहिती सॉफ्टवेअरमध्ये वाचली तर आतल्या चिप वेगवेगळ्या निघाल्या. कंपन्या मॉडेल नंबर तोच ठेवून आतल्या चिप बदलतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. शिवाय चार स्टिकचा भार मेमरी कंट्रोलरवर दोनपेक्षा जास्त पडतो. एकेरी रँकच्या (चिपचा एकच गट असलेल्या) चार स्टिक असतील तर एएमडी स्वतः २९३३चीच हमी देते. मी मात्र ३६०० गाठायला निघाले होते, कारण तिथे मेमरीचा क्लॉक १८०० आणि प्रोसेसरचे भाग आतून जोडणारा इन्फिनिटी फॅब्रिकही १८००, दोघं एकास एक चालतात. मला हे काम मनापासून आवडतं. एकेक आकडा खाली आणायचा, मशीन बूट होतंय का ते श्वास रोखून पाहायचं, यात माझा रविवार कसा जातो कळत नाही.

एप्रिलमध्ये मी लावलेले आकडे असे होते: ३६००, टायमिंग १६-१९-१९-३९ (पहिला आकडा सीएल), टीआरएफसी (रिफ्रेशला दिलेला वेळ, त्याबद्दल पुढे सांगते) ४८६. १.४० व्होल्टवर टेस्ट लावली की पाच-दहा मिनिटांत एरर यायचे. १.४५ केलं, एरर गायब. रॅम तपासणारी मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवली, फुकटच्या आवृत्तीत मिळतात ते चारही पास शून्य एररने निघाले. डीडीआर४चं मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपीवर, म्हणजे कंपनीने स्टिकमध्ये भरून दिलेल्या वेगवान सेटिंगवर, १.३५, त्यामुळे १.४५ जरा जास्तच आहे हे कळत होतं. पण चार पास निघाले होते. मी प्रोफाइल सेव्ह केलं आणि कामाला लागले.

आता मेमध्ये एरर परत आल्यावर माझ्या डोक्यात एकच उपाय होता, कारण आधी तोच लागू पडला होता: व्होल्टेज आणखी वाढव. १.४८ केलं. दुपारी टेस्टमेम५ ही रॅमची दुसरी टेस्ट लावली आणि एरर कमी व्हायच्या ऐवजी वाढले. मग चिडून मी चार गोष्टी एकदम बदलल्या, त्यात सीएल १४सुद्धा टाकलं, आणि मशीन उठलंच नाही. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी, बोर्डाच्या कडेला डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहिलेला. पाच मिनिटं वाट पाहिली, कारण बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करत असेल तर वेळ घेतो. काही नाही. मेन स्विच बंद केला, कॅबिनेटचं बटण दाबून उरलेला करंट उतरवला, आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक सीएमओएसच्या (बोर्डाची सेटिंग साठवणाऱ्या मेमरीच्या) दोन पिनांना दहा सेकंद टेकवून धरलं. ग्राफिक्स कार्डाखाली त्या पिना अशा जागी आहेत की टॉर्च दातात धरावा लागला. बायोस मूळ पदावर आला, पण माझे सगळे आकडे गेले. कुठल्या आकड्याने बूट थांबला हे कधीच कळणार नव्हतं.

त्या संध्याकाळी बाबा वर आले. ते वीज मंडळात सबस्टेशनला ऑपरेटर होते, आता रिटायर आहेत. त्यांना रॅममधलं काही कळत नाही, पण मी वहीत काय लिहितेय ते त्यांनी वाचलं. व्होल्टेजचा रकाना, टायमिंगचा रकाना, एररचा रकाना.

"तापमानाचा रकाना कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, बाबा, टेस्टला त्याची गरज नसते.

"आमी दर तासाला लॉगशीट भरत होतो. लोड, व्होल्टेज आन् ट्रान्सफॉर्मरचं ऑइल टेम्परेचर. तेच ट्रान्सफॉर्मर रात्री चांगलं चालते आन् दुपारी तीनला ट्रिप होते. टाइम तरी लिही पोरी."

वही उलटून पाहिली. एप्रिलच्या सगळ्या टेस्ट मी रात्री लावल्या होत्या, कूलर चालू ठेवून, झोपण्याआधी. मेमधले एरर सगळे दुपारचे.

माझ्या स्टिकमध्ये तापमानाचा सेन्सर नाही. म्हणून फिश टँकचा तो छोटा डिजिटल थर्मामीटर आणला, लांब वायरीच्या टोकाला प्रोब असतो तो. आधी बर्फ घातलेल्या पाण्याच्या पेल्यात बुडवून तो शून्याच्या जवळ येतो का ते पाहिलं. २०२४च्या मेअखेरीस आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर तो सेन्सरचाच दोष निघाला, ते आठवत होतं. प्रोब कोरडा करून, मशीन बंद असताना, मधल्या स्टिकच्या पत्र्याला चिकटपट्टीने पक्का बसवला. चार स्टिक खेटून बसतात तेव्हा मधल्या दोघींना वारा मिळत नाही, म्हणून मधली निवडली. डेटाच्या डिस्कच्या केबल काढून ठेवल्या, म्हणजे टेस्टच्या वेळी काही लिहिलं जाऊन बिघडायला नको.

मग एप्रिलचे आकडे जसेच्या तसे परत टाकले, १.४५ व्होल्टसकट. पहाटे पाचला खोली ३१ अंश, स्टिक ४४. दोन तास, एकही एरर नाही. दुपारी दोनला कूलर बंद, खिडकी बंद, खोली ४० अंश. स्टिकचा आकडा चढत गेला: ४९, ५२, ५५. पंचावन्न मिनिटांनी, ५६ अंशांवर, पहिला एरर. त्यानंतर दर दोन-तीन मिनिटांनी एकेक.

म्हणजे माझ्याकडे दोन वेगळे आजार होते आणि मी दोन्हींना एकच औषध देत होते. सीएल १६ या चिपना कमी व्होल्टेजवर झेपत नव्हतं. तो एरर टेस्ट लावल्या लावल्या यायचा, खोली गार असो की तापलेली. व्होल्टेज वाढवलं की तो जायचा. दुसरा होता टीआरएफसीचा. डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर, आणि त्यातला चार्ज सतत झिरपत असतो. म्हणून साध्या तापमानाला ६४ मिलिसेकंदांच्या आत सगळ्या ओळी एकदा तरी पुन्हा भराव्या लागतात. त्या प्रत्येक भरणीला किती वेळ द्यायचा, तो टीआरएफसी. तापमान वाढलं की झिरपणं वाढतं. ८५ अंशांच्या वर तर रिफ्रेश दुप्पट वेळा करावा, असं डीडीआर४च्या मानकातच आहे. मी टीआरएफसी ४८६ ठेवला होता. १८०० मेगाहर्ट्झला भागलं की २७० नॅनोसेकंद. ८ गिगाबिटच्या चिपला मानक देतं ३५०. गार खोलीत २७० पुरत होते, तापल्यावर भरणी अर्धवट राहत होती. आणि पहिल्या आजारासाठी चढवलेलं व्होल्टेज स्टिकला आणखी तापवत होतं.

पुढचे चार दिवस एका वेळी एकच आकडा. टीआरएफसी ४८६चा ६३० केला, म्हणजे पूर्ण ३५० नॅनोसेकंद, बाकी काही हलवलं नाही. त्याच दुपारी, त्याच ५६ अंशांवर, तीन तास शून्य एरर. मी वहीत तो शून्य दोनदा गिरवला. मग खाली यायला लागले. ५९४ला स्वच्छ. ५५८ला दोन तासांनी एक एरर. परत ५९४, आणि त्याच्यावर थोडी जागा सोडून ६१२.

सीएल १६ सोडताना वाईट वाटलं. १६ला ८.९ नॅनोसेकंद पडतात, १८ला १०, म्हणजे ३२०० सीएल१६ला होते तेवढेच. मधलं १७ टाकून पाहिलं, पण गिअर डाउन मोड (मेमरीला जरा सैल चालवणारी सेटिंग) चालू असताना बोर्ड विषम सीएल घेत नाही, १८च करतो. मोड बंद केला तर चार स्टिकवर बूटच अडखळायला लागला. १८ घेतल्यावर व्होल्टेज १.४५ वरून १.३६ला आणता आलं, आणि स्टिक त्याच दुपारी पाच अंशांनी गार राहिली. एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं, बोर्डाने ऑटोवर गरजेपेक्षा चढं ठेवलं होतं, ते हाताने १.१० केलं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीयाचे (हार्डवेअरच्या चुकांचे) इशारे येतात का ते आठवडाभर पाहिलं. एकही नाही.

कॅबिनेटमधला एक जास्तीचा १२० मिलिमीटरचा पंखा झिप टायने स्टिकच्या समोर बांधला. दिसायला ओबडधोबड आहे, पण मधल्या स्टिक आणखी सहा अंशांनी उतरल्या. कूलरचा थेट झोत मात्र मशीनवर घेत नाही. ती हवा ओली असते, आणि आमच्याकडच्या पाण्याचे पांढरे डाग मी खिडकीच्या गजांवर पाहिलेत.

फायदा किती? तासाभराच्या एक्सपोर्टमध्ये दोन-अडीच मिनिटं. हे आकडे ३२००च्या एक्सएमपीशी ताडून मी स्वतः मोजलेत. कोणी विचारलं तर मी तेवढंच सांगते.

शेवटची टेस्ट नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या ऐन तापाच्या नऊ दिवसांतल्या, एका दुपारी लावली. दीडला कूलर बंद केला, पडदे ओढले, आई खालून दोनदा ओरडली की उष्माघात होईल. मी दाराबाहेर जिन्यात बसून दर पंधरा मिनिटांनी आत जाऊन आकडा लिहीत होते. खोली ४१, स्टिक सर्वांत जास्त ४७. पाच वाजेपर्यंत शून्य. मग डिस्कच्या केबल लावल्या, विंडोजच्या फाइल एसएफसी या कमांडने तपासून घेतल्या, आणि कार्डावरून लग्नाचं सगळं फुटेज नव्याने कॉपी केलं. प्रत्येक क्लिपचा हॅश कार्डावरच्या हॅशशी जुळवला. दोनशे अकरा क्लिप, सगळ्या जुळल्या. एप्रिलपासूनचे बाकीचे बॅकअपही असेच तपासले. त्यात एका हळदीच्या दोन क्लिप बिघडलेल्या निघाल्या, त्यांची मूळ कार्डं ज्याने शूट केलं त्या भावाकडे अजून होती, म्हणून वाचले.

अंतरपाटाची ती क्लिप शेवटी उघडली. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले. कापड खाली येतं, नवरी मान वर करते, एक अक्षता तिच्या नथीला अडकून राहते. हिरव्या पट्ट्यामुळे ती मला आधी दिसलीच नव्हती.