मेढीचा डाग अर्धाच कापा

चौकाचं घर सोलापुरात समजावून सांगावं लागत नाही. ब्रिटनवर रोमन सत्ता असताना कॉर्नवॉलमधल्या चायसॉस्टरचे शेतकरीही चौकाभोवतीच राहत. काटकोनी रोमन घर त्यांनी उचललंच नाही! जाडजूड दगडी भिंती, गोलसर खोल्या, वर गवताचं छप्पर.

छप्पर कुजतं, तिथल्या आम्लधर्मी मातीत हाडंही विरघळतात. म्हणून अशी जुनी वस्ती खोदताना मातीचा रंग बघायचा. कुजलेल्या मेढीच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी खांबाच्या, जागी काळपट गोल डाग उरतो. सुकला की तो फिका पडतो, मग पाण्याचा हलका फवारा मारायचा. आधी अर्धाच कापायचा, उभा छेद मोजून कागदावर काढायचा, मगच उरलेला. एकदम उकरला, तर मेढ होती की उंदराचं बीळ, हे कायमचं हुकतं. धाब्याच्या छपरासाठी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती नेताना आपल्याकडेही नेमके असलेच डाग पुसले जातात.