वाईनच्या शेल्फवरची पाटी: मार्क नकोत, चव सांगा

वाईन घ्यायला गेलं की समोर शे-दोनशे बाटल्या, लेबलं फ्रेंच नाहीतर इटालियन, आणि उघडून चाखून बघायची सोय नाही. अशा वेळी खरी मदत होते ती शेल्फच्या कडेला लावलेल्या छोट्याशा पाटीची. आणि माझं ठाम मत आहे की त्या पाटीवर चव लिहिलेली पाहिजे, समीक्षकाने दिलेले मार्क नाहीत.

मी स्टॉकहोमला राहते. इथे साडेतीन टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं काहीही हवं असेल तर जवळपास नेहमीच सिस्टेमबोलागेत या सरकारी दुकानात जावं लागतं, सुपरमार्केटमध्ये मिळत नाही. या दुकानाला कायद्यानेच कुठल्या ब्रँडला झुकतं माप देता येत नाही, त्यामुळे 'दोनवर एक फ्री' नाही, कुठली बाटली पुढे रेटणं नाही. मग गिऱ्हाईकाला सांगायचं कसं, तर प्रत्येक बाटलीखालच्या पट्टीवर किंमत, देश आणि चवीची तीन छोटी गोलं, अगदी घड्याळासारखी. रेड असेल तर वाईन तोंडात किती भरदार लागते, किती तुरट आहे आणि किती आंबट आहे. व्हाईट असेल तर तुरटपणाच्या जागी गोडी. गोल जितकं भरलेलं तितकं ते जास्त, १२ म्हणजे पूर्ण. हे ठरवतात सिस्टेमबोलागेतचे स्वतःचे टेस्टर्स, वाईन कंपनी नाही. आणि शेजारी जेवणाची चित्रं असतात, मासा, कोंबडी, बीफ, चीज, तिखट जेवण असं.

आता याचा उपयोग बघा. कोल्हापुरी रस्सा केलाय आणि लोक जेवायला येणारेत. बहुतेक जण मटण आहे म्हणून एखादी तगडी रेड उचलतात, पण जास्त अल्कोहोल आणि जास्त तुरटपणा असला की तिखट अजूनच झोंबतं, कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते ना तशी धरते आणि वर आग. मी अशा वेळी व्हाईटच्या शेल्फपाशी जाते आणि गोडीचं गोल थोडंसं भरलेलं आणि आंबटपणाचं बऱ्यापैकी भरलेलं अशी बाटली शोधते, बहुतेक वेळा जर्मन रीसलिंग निघते. गोडी तिखटाला आवरते आणि आंबटपणामुळे ती सरबतासारखी लागत नाही. तळलेले मासे असतील तर गोडीचं गोल रिकामं आणि आंबटपणा भरपूर. यासाठी मला कुणाला काही विचारावं लागत नाही, द्राक्षाचं नाव नीट उच्चारता आलं पाहिजे असंही नाही.

अमेरिकेत मात्र पाटी म्हणजे मोठ्या अक्षरात ९२ नाहीतर ९४. ही १०० मार्कांची पद्धत रुजवली रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वाईन समीक्षकाने, १९७८ मध्ये त्याचं 'वाईन ॲडव्होकेट' हे नियतकालिक सुरू झालं तेव्हापासून, आणि त्यात मोजणी सुरूच होते ५० पासून. त्याने सामान्य गिऱ्हाईकाला एक आधार दिला हे मी मान्य करते, तोपर्यंत नुसत्या वाईन बनवणाऱ्या घराण्याच्या नावावर महागडी वाईन विकली जायची. पण ९२ वरून मला काय कळलं? गोड आहे का आंबट, हलकी आहे का जड, कशाबरोबर प्यायची, काहीच नाही. शिवाय ही कार्डं बऱ्याचदा डिस्ट्रिब्युटरच छापून देतात, म्हणजे कमी मार्क पडलेल्याचं कार्ड कधी लागणारच नाही. न्यू जर्सीत एका दुकानात कार्डावर २०१६ च्या वाईनचे मार्क होते आणि खाली ठेवलेली बाटली २०१८ ची. वर्ष बदललं की पाऊस बदलतो, ऊन बदलतं, वाईन पण बदलते, मग ते मार्क कशाचे?

आणि आपण दुकानात किती सहज वाहवत जातो ते पण बघा. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, सुपरमार्केटच्या वाईनपाशी आलटून पालटून फ्रेंच आणि जर्मन संगीत लावलं, तर फ्रेंच सुरांच्या वेळी फ्रेंच वाईन जास्त खपली आणि जर्मन सुरांच्या वेळी जर्मन, आणि बहुतेकांना याचा पत्ताच नव्हता. नुसत्या गाण्याने हात इकडचा तिकडे जात असेल तर पाटीवर काय लिहिताय याची जबाबदारी केवढी आहे!

आपल्याकडे तर बहुतेक वाईन शॉपमध्ये शेल्फपर्यंत पोचताच येत नाही. जाळीच्या अलीकडे उभं राहायचं, मागे रांग, आणि ब्रँडचं नाव सांगायचं. ज्याला नाव माहीत नाही तो काय मागणार? जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १०० चौरस मीटरच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वेगळं शेल्फ ठेवून वाईन विकायला मंजुरी दिली होती, त्यावर एवढा विरोध झाला की ते तिथेच राहिलं. त्या वादात मला पडायचं नाही. पण पुण्या-मुंबईत आत जाऊन बघता येतील अशी मोठी दुकानं आता आहेत, त्यांनी निदान नाशिकच्या वाईनखाली तरी एक पट्टी लावावी. शेनिन ब्लांक या व्हाईट वाईनखाली एवढंच लिहा: हलकी, किंचित गोड, बऱ्यापैकी आंबट, फ्रीजमधून काढून गार प्या, कोथिंबीर वडी किंवा तिखट कोळंबीबरोबर छान.