शिधा भरला तरच स्पार्टन

प्राचीन ग्रीसमधलं स्पार्टा म्हटलं की ढाल, लाल झगा आणि थर्मोपिलीची लढाई एवढंच डोळ्यांपुढे येतं. मला विचाराल तर स्पार्टा समजून घ्यायला रणांगणाआधी जेवणाच्या पंगतीत बसावं. तिथल्या भाषेत या पंगतीला फिदितिया म्हणत. स्पार्टाचा लढवय्या तिथेच घडला आणि पुढे त्याचा घातही तिथल्याच हिशोबाने झाला.

एका पंगतीत साधारण 15 जण. सातव्या वर्षी घर सोडून शिस्तीत वाढलेला मुलगा विशीत आला की त्याला एखाद्या पंगतीत शिरकाव मिळवावा लागे. मतदान असं: वाढपी डोक्यावर वाडगं घेऊन फिरे आणि प्रत्येक सदस्य भाकरीच्या मऊ गराची गोळी त्यात न बोलता टाकी. गोळी चेपून टाकली तर नकार. एकच चेपलेली गोळी निघाली तरी उमेदवार बाद. हे कठोर वाटेल, पण सोबत जेवणारेच उद्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहणार असत. शेजाऱ्याची ढाल आपली उजवी बाजू झाकते, म्हणून मनात अढी असलेला माणूस शेजारी नको.

प्रवेशानंतर दरमहा शिधा भरायचा. ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने यादीच दिली आहे: 1 मेदिम्नोस जवाचं (म्हणजे सातूचं) पीठ, 8 खोएस द्राक्षमद्य, 5 मिना चीज, अडीच मिना अंजीर आणि कालवणासाठी थोडे पैसे. स्पार्टाची मापं अथेन्सच्या मापांपेक्षा मोठी होती. आजच्या हिशोबात पीठ सुमारे 75 लिटर, मद्य 36 लिटरच्या आसपास, चीज 3 किलो, अंजीर दीड किलो. एवढं पीठ एका माणसाच्या पोटाला फार झालं. वाढपी आणि इतरांचं जेवणही त्यातूनच भागत असणार.

ताटातला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे काळा रस्सा: डुकराचं मांस, रक्त, मीठ, व्हिनेगर. व्हिनेगर चवीपुरतं नव्हे, त्याने रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. म्हातारे मांस तरुणांना देऊन नुसता रस्सा ओरपत. शिकार किंवा यज्ञ असेल तरच गैरहजेरी चाले, तेही आपल्या वाट्याचा भाग पंगतीला पाठवून. मोहीम जिंकून आलेल्या आगिस राजाने बायकोसोबत जेवायचं म्हणून आपला वाटा घरी मागवला, तर तो मिळाला नाही. जेवण उरकलं की अंधारात मशालीशिवाय घरी जायचं, म्हणजे रात्री चालण्याची सवय होते.

आता मुख्य गोष्ट. शिधा सर्वांना सारखाच, आणि तो भरता आला नाही की नागरिकत्व गेलं. क्रीटमध्ये अशाच पंगतींचा खर्च सार्वजनिक उत्पन्नातून होई. ॲरिस्टॉटलने नेमकं यावरच बोट ठेवलंय: सर्वांना जोडणारी म्हणून उभी केलेली व्यवस्था गरिबाला बाहेर काढते.

हिशोब मांडून बघा. नागरिक स्वतः शेती करत नसे, ती हेलॉट, म्हणजे जमिनीला बांधलेले गुलाम, कसत. एका जमिनीच्या तुकड्यावरून मालकाला वर्षाला पुरुषाचे 70 आणि बायकोचे 12, असे 82 मेदिम्नोस जव येत, हा प्लूटार्कचाच आकडा. पंगतीला त्यातले 12 गेले तर काही बिघडत नाही. पण तोच तुकडा दोन पिढ्यांत चौघांत वाटला गेला, तर प्रत्येकाला साडेवीस. त्यातून 12 शिध्याला गेले की वर्षभर घर चालवायला साडेआठ उरतात. एक दुष्काळ पुरे. जमीन श्रीमंत घरांत जमत गेली आणि हुंडा-वारशातून दोन पंचमांश जमीन स्त्रियांच्या नावावर आली, हेही ॲरिस्टॉटलच नोंदवतो.

इ.स.पू. 480 च्या सुमारास 8000 स्पार्टन होते, असं इतिहासकार हेरोडोटस सांगतो. एजेसिलाउस राजा होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा किनादोन नावाच्या तरुणाने कट केला. तो धट्टाकट्टा होता, पण 'समान', म्हणजे पूर्ण हक्काच्या, नागरिकांत त्याची गणना नव्हती. साथीदाराला त्याने बाजारात उभं करून मोजायला लावलं: राजा, एफर (निवडून आलेले वरिष्ठ अधिकारी), ज्येष्ठ मंडळी धरून नागरिक सुमारे 40, बाकीचे 4000 हून जास्त. पकडल्यावर त्याने कारण सांगितलं ते एवढंच, की स्पार्टात कुणापेक्षा कमी राहायचं नव्हतं. मला हे वाक्य थर्मोपिलीच्या सगळ्या शौर्यकथांपेक्षा जास्त हलवतं.

इ.स.पू. 371 मध्ये ल्युक्ट्राच्या लढाईत सुमारे 700 स्पार्टन उतरले आणि 400 पडले. ही तूट भरून काढायला माणसंच नव्हती. दोन वर्षांत स्पार्टाच्या ताब्यातल्या मेसेनिया प्रांताची सुपीक जमीन, आणि ती कसणारे हेलॉटही, हातचे गेले. म्हणजे शिध्याचं कोठारच रिकामं झालं.

शंभरएक वर्षांनी चौथा आगिस गादीवर आला तेव्हा जुन्या घराण्यांतले नागरिक 700 पेक्षा जास्त नव्हते, आणि जमीन राखून असलेले त्यातले शंभरच. कर्जं माफ करायची, स्पार्टनांसाठी 4500 नवे तुकडे पाडायचे आणि सगळ्यांना पुन्हा 15 मोठ्या पंगतींत बसवायचं, अशी त्याची योजना होती. कर्जाची कागदपत्रं जाळली गेली, जमिनीची वाटणी मात्र झालीच नाही. इ.स.पू. 241 मध्ये एफरांनी त्याला कैदेत गळा आवळून मारलं.