ती नळी टोमणा होती का?

डॉक्टर निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी तुमचा प्रश्न काही संपत नाही. ज्यांच्या उपचारात वडील गेले, त्यांना स्वतःच्या हातांनी लाकडी स्टेथोस्कोप करून द्यायचा? धाकट्या भावाने तर सरळच विचारलं, "टोमणा मारलास ना?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

टोमणा नव्हता. म्हणजे शेवटी नव्हता.

वडिलांच्या खोकल्याला डॉक्टर दोन महिने औषधं देत राहिले. एक्स-रे काढला तेव्हा फुप्फुसात गाठ निघाली, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. वडील गेल्यानंतर मी कागदपत्रं आणायला गेले होते. डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि उभ्यानेच म्हणाले, "पहिल्या पंधरवड्यातच एक्स-रे काढायला सांगायला हवा होता. मी थांबलो. चूक माझी आहे."

मी विचारलं, "तेव्हा कळलं असतं तर वाचले असते?"

"बहुतेक नाही. पण खात्रीने सांगता येत नाही. आणि त्याने माझी चूक लहान होत नाही."

मी तोंडाला येईल ते बोलले. त्यातलं एक वाक्य इतकं वाईट होतं की ते इथे लिहिणार नाही. ते मध्ये बोलले नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही, बाहेर पेशंट ताटकळले होते तरी मला आवरतं घ्यायला लावलं नाही. निघताना माझी छत्री तिथेच राहिली. ती आणायला मी गेले नाही. पुन्हा त्या दाराची पायरी चढायची नाही, असं ठरवलं होतं.

आठ महिन्यांनी मध्यरात्री मुलगा तापाने फणफणला आणि मी त्याला उचलून त्यांच्याकडेच गेले. तुम्ही म्हणाल, जवळ होते म्हणून. त्यांच्याहून जवळ दुसरे डॉक्टर होते. पण हा माणूस माझ्यापासून काही लपवणार नाही, एवढं मला कळलं होतं. त्या दिवशी ओरडणारी मी आजही म्हणते, "कबूल केलं म्हणून वडील परत आले का?" तिच्यापुढे मी गप्प होते.

आता नळीबद्दल. पहिला स्टेथोस्कोप लाकडाचाच होता. 1816 साली पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टरांनी आधी कागदाची घट्ट गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून ऐकलं, मग लाकडाच्या नळ्या केल्या. त्यांची नळी साधारण फूटभर लांब होती आणि तिचे भाग सुटे होत. लाकडात आटे पाडणं मला जमत नाही, म्हणून मी अखंड केली. हे वाचल्यावर पहिल्यांदा मनात आलं ते असं: घ्या, आता तरी नीट ऐका. हो, आलं होतं. त्याच रागात शिसमाचा तुकडा कापला.

पण लाकडात फूटभर सरळ भोक पाडायचं तर राग उपयोगाचा नाही. गिरमिट शिरांच्या कलाने सरकतं. दोन्ही टोकांकडून पाडत आलं तर भोकं मध्ये एकमेकांना मिळायला हवीत. माझी पहिली दोन भोकं तीन मिलिमीटरने चुकली. तो तुकडा टाकला. दुसऱ्यांदा दर बोटभर खोलीला थांबले, भुसा झाडला, गुण्याने, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीने, सरळपणा तपासला. आधी भोक, मग तेच मध्य धरून लेथवर बाहेरून कातलं. तरी मध्ये केसभर पायरी राहिलीच. वडिलांच्या टेबलाचा पाय घरात पडून होता, तो मुद्दाम वापरला नाही. ते ओझं त्यांच्या हातात द्यायचं नव्हतं.

जवसाचं तेल लावून ती वाळू दिली. मग खेळून आलेल्या मुलाच्या पाठीला लावून पाहिली. ठोका एवढा जवळ आला की मी कान बाजूला घेतला, आणि पुन्हा लावला.

डॉक्टरांनी ती घेतली, खिडकीकडे धरून आरपार पाहिलं.

"मध्ये जरा सरकलंय."

"हो."

"वडिलांच्या नावाने?"

"नाही. तुमच्यासाठी."

त्यांनी नळी बराच वेळ हातातच धरली. त्यांना टोमणा वाटला का, ते मी विचारलं नाही. छत्री मात्र त्यांनी कपाटातून काढून दिली.