राणीच्या बागेतील व्यावसायिक चित्रीकरण: अर्जापासून अनामत परत मिळेपर्यंत

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालयात, म्हणजे मुंबईकरांच्या राणीच्या बागेत, फेब्रुवारी महिन्यात आम्ही दोन सकाळी व्यावसायिक छायाचित्रण आणि चित्रीकरण केले. काम एका शैक्षणिक प्रकाशनाचे होते. मुंबईतील झाडे आणि प्राणी या विषयावर बारा पानांची दिनदर्शिका आणि तिच्या जोडीला पाच मिनिटांची चित्रफीत करायची होती. युनिट आठ जणांचे होते आणि निर्मितीची सर्व व्यवस्था माझ्याकडे होती. चित्रीकरणाला दोन दिवस लागले, तयारीला सहा आठवडे. पुढे याच वाटेने जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या सहा आठवड्यांविषयी अधिक सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. तिकीट काढून आत गेलेल्या माणसाला कॅमेरा वापरू दिला जातो, याचा अर्थ त्या छायाचित्रांची विक्री किंवा जाहिरात करण्याची परवानगी मिळाली असा होत नाही. छायाचित्र कशासाठी वापरले जाणार, यावर काम व्यावसायिक की खासगी हे ठरते. कॅमेरा लहान असल्याने किंवा युनिट दोघांचेच असल्याने काही बदलत नाही. दुसरा गोंधळ जंगल आणि प्राणिसंग्रहालय यांच्या नियमांचा होतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या संरक्षित क्षेत्रात छायाचित्रणाचा परवाना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली वनखात्याकडून घ्यावा लागतो. राणीची बाग मात्र मुंबई महानगरपालिकेची आहे. तेथील दैनंदिन निर्णय उद्यानाच्या कार्यालयात होतात आणि प्राण्यांच्या देखभालीची मानके केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण ठरवते. मुंबईतील सार्वजनिक जागांवरील चित्रीकरणासाठी राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. तिचे संकेतस्थळ आधी पाहावेच. तरीही उद्यानाच्या कार्यालयात स्वतः जाऊन भेटण्याला पर्याय नाही, कारण कोणत्या पिंजऱ्यापाशी किती माणसे उभी राहू शकतात, हे तिथल्याच माणसांना ठाऊक असते.

अर्ज लिहिण्यापूर्वी आम्ही साधे तिकीट काढून दोनदा रेकी, म्हणजे जागेची पूर्वपाहणी केली, आणि दोन्ही वेळा त्याच वेळेला गेलो ज्या वेळेला पुढे चित्रीकरण करायचे होते. वही घेऊन प्रत्येक आवारापुढे वीस मिनिटे बसलो. ऊन कोणत्या बाजूने येते, प्राणी केव्हा बाहेर येतो, केव्हा सावलीत जाऊन पडतो, जाळी आहे की काच, कठडा किती अंतरावर आहे, हे सर्व टिपून घेतले. वाघ दुपारी बहुतेक झोपलेला असतो, पाणघोडा तासभर पाण्याखालून केवळ नाकपुड्या दाखवतो, आणि पक्षी सकाळचे पहिले दोन तास सर्वांत चपळ असतात. या नोंदींवरून प्राणीवार शॉट लिस्ट, म्हणजे घ्यायच्या दृश्यांची यादी तयार झाली आणि तीच अर्जाला जोडली. कार्यालयात आमचे काम सुकर झाले ते या एका कागदामुळे, असे माझे ठाम मत आहे. ‘प्राण्यांचे चित्रीकरण’ असे मोघम लिहिलेल्या अर्जावर अधिकारी काय निर्णय देणार? ‘चितळ, कठड्याबाहेरून, ४०० मिलिमीटर लेन्स, ट्रायपॉडवर, अर्धा तास, तीन माणसे’ असे लिहिले की होकार किंवा नकार देणे त्यांना सोपे जाते.

अर्जात आणखी काय असावे, तेही सांगते. युनिटमधील प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राची प्रत, साहित्याची संपूर्ण यादी, वाहनांचे क्रमांक, चित्रफितीची संहिता, आणि छायाचित्रे कोठे, किती काळ वापरली जाणार याचा स्पष्ट उल्लेख. वापराविषयी हात आखडता घेऊ नये. आज दिनदर्शिका म्हणून परवानगी घेतली आणि उद्या तेच चित्र एखाद्या उत्पादनाच्या फलकावर झळकले, तर तो परवानगीचा भंग ठरू शकतो आणि त्याचा त्रास नंतर येणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला होतो. शुल्क, अनामत रक्कम आणि कर यांचे आकडे तोंडी ऐकून ग्राहकाला अंदाजपत्रक देऊ नये. ते लेखी घ्यावेत, चलन भरल्याची पावती आणि परवानगीपत्र यांच्या चार-चार प्रती काढाव्यात आणि एक प्रत प्रवेशद्वारावरील सुरक्षारक्षकासाठी वेगळी ठेवावी. आमच्या दुसऱ्या दिवशी प्रवेशद्वारावरील पाळी बदललेली होती. ती प्रत नसती तर सकाळचा पहिला प्रकाश बाहेरच उभे राहून गेला असता.

बुधवारी बाग बंद असते, तेव्हा गर्दीविना त्याच दिवशी काम करू द्यावे, ही मागणी जवळजवळ प्रत्येक निर्मिती संस्था करते. आम्हीही केली आणि ती मान्य झाली नाही. आता मागे वळून पाहताना तो नकार मला रास्त वाटतो. प्राणिसंग्रहालय आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांसाठी बंद ठेवावे, हा प्राणिसंग्रहालयांच्या मान्यता नियमांचाच भाग आहे. तो दिवस प्राण्यांच्या विश्रांतीचा असतो आणि कर्मचाऱ्यांसाठी सफाई, दुरुस्ती व उपचारांचा असतो. त्याऐवजी सकाळी बाग उघडल्याबरोबरचा वेळ मागावा. सार्वजनिक सुट्टी बुधवारी आली तर बाग त्या दिवशी खुली ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवली जाते, हेही तारखा ठरवताना तपासून घ्यावे. शाळांच्या सहली आणि शनिवार-रविवार टाळावेत.

चित्रपट, मालिका किंवा जाहिरात करणाऱ्यांनी भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचा विषय अर्जाच्या पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवावा. खेळ करणाऱ्या प्राण्यांच्या नोंदणीचे नियम २००१ चे आहेत आणि चित्रपटात प्राणी दिसत असतील तर प्रमाणनाच्या (सेन्सॉरच्या) वेळी या मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र मागितले जाते. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना खेळासाठी शिकवण्यावर आणि त्यांचे तसे प्रदर्शन करण्यावर १९९८ पासून बंदी आहे. तेव्हा पिंजऱ्यातल्या प्राण्याकडून काहीतरी ‘करवून घेण्याची’ कल्पना संहितेतूनच काढून टाकावी. वन्यजीव अधिनियमाचे कलम ३८-जे (38J) तर प्रत्येक प्रेक्षकाला लागू आहे: प्राण्याला डिवचणे, खाऊ घालणे, आवाजाने किंवा अन्य प्रकारे त्रास देणे आणि आवारात कचरा टाकणे यांना मनाई आहे. प्राण्याने कॅमेऱ्याकडे पाहावे म्हणून शीळ घालणे हाही त्रासच होय. प्राणीरक्षकाला पैसे देऊन खाद्याची वेळ बदलायला सांगणे हे त्याहून वाईट, कारण त्यात त्याची नोकरी आणि प्राण्याची पचनशक्ती दोन्ही पणाला लागतात.

एवढे सगळे ठाऊक असूनही पहिल्या सकाळी आमच्या हातून चूक झाली. चितळांचा कळप सावलीत उभा होता, प्रकाश अपुरा होता आणि आमच्या साहाय्यकाने पिशवीतून प्रकाश परावर्तित करणारा घडीचा चंदेरी रिफ्लेक्टर काढून कठड्यापाशीच उघडला. ज्यांनी तो हाताळला आहे त्यांना त्याचा ‘फट्’ असा आवाज आणि एका क्षणात पसरणारी ती चकाकती थाळी माहीत आहे. दहा-बारा माना एकदम वर झाल्या, शेपट्यांचे पांढरे केस फुलले आणि संपूर्ण कळप मागच्या जाळीकडे धावला. एक मादी जाळीला धडकून खाली बसली. प्राणीरक्षक धावत आले. ते रागावले नाहीत. हलक्या आवाजात म्हणाले, “ताई, सगळ्यांनी मागे या आणि खाली बसा. कुणी हलू नका.” आम्ही पंधरा-वीस मिनिटे जमिनीवर बसून राहिलो. मादी उठली, कान हलवले, आणि पुन्हा कळपात जाऊन मिसळली. पशुवैद्यकांनी येऊन तिला पाहिले आणि त्या आवारापुढील आमचे काम त्या दिवसापुरते थांबवले गेले, ते योग्यच झाले. हरणांमध्ये अतिभीतीने आणि धावपळीने स्नायूंना इजा होऊन पुढे काही दिवसांनीही मृत्यू ओढवू शकतो, हे मला त्यांनी तेव्हा समजावून सांगितले. पुढील तीन दिवस मी फोन करून तिची चौकशी करत होते. ती बरी राहिली. खुरवाल्या प्राण्यांपुढे रिफ्लेक्टर न्यायचाच नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळते. अन्यत्र लागलाच तर तो दूर उघडून, सपाट धरून, सावकाश आणावा. झळाळणारे काहीही, अगदी स्टीलचा डबासुद्धा, आधी पिशवीत टाकावे.

पेंग्विन कक्षाची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यांवरचे. राणीच्या बागेत ते २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आले आणि २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले. त्यांचा कक्ष थंड असतो, बाहेर मुंबईची दमट हवा. आत अर्धा तास घालवून बाहेर आले की लेन्सवर आणि कॅमेऱ्याच्या आतल्या भागांवरही दव धरते, आणि घाईत लेन्स बदलली तर ते दव सेन्सरपर्यंत जाते. म्हणून हा कक्ष दिवसाच्या शेवटी ठेवावा, बाहेर पडण्यापूर्वी कॅमेरे चेन लावलेल्या पिशवीत बंद करावेत आणि निदान अर्धा तास ती उघडू नये. फ्लॅश अर्थातच वापरू नये; काचेवरून परतलेला झोत चित्रही खराब करतो आणि प्राण्यालाही त्रास देतो. मऊ रबराचा लेन्सहूड काचेला अगदी टेकवून धरला, वर काळे कापड घेतले आणि कॅमेऱ्यामागचे सर्व मोबाइल बंद केले, की प्रतिबिंबे जवळजवळ नाहीशी होतात. काच स्वतः पुसू नये, ती पुसायला कर्मचाऱ्यांना सांगावे.

जाळीचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. जाळीवर ऊन नसेल, प्राणी तिच्यापासून बराच मागे असेल आणि लांब लेन्स पूर्ण उघड्या छिद्रावर (अ‍ॅपर्चरवर) ठेवली असेल, तर जाळी चित्रात विरघळून जाते. उन्हात चमकणारी जाळी मात्र कोणत्याही युक्तीने जात नाही. अशा वेळी कठडा ओलांडण्याचा मोह होतो, तो आवरून दुपारनंतर सावली फिरण्याची वाट पाहावी. ज्या पक्षीदालनात आत चालत जाता येते, तिथे माणसे दोनच असावीत आणि ट्रायपॉडऐवजी एकाच पायाचा मोनोपॉड वापरावा, कारण तिथली वाट इतर प्रेक्षकांचीही असते.

केवळ प्राण्यांवर नजर ठेवून येणाऱ्यांना एक मनापासून सांगायचे आहे: या बागेची झाडे पाहा. १८६२ मध्ये खुले झालेले हे उद्यान मुळात वनस्पतींसाठी नावाजलेले आहे. आमच्या दिनदर्शिकेची सर्वांत देखणी तीन पाने झाडांनी दिली. त्यांपैकी दोन: गोरखचिंचेच्या बुंध्याला आठ वर्षांच्या मुलीने मारलेली मिठी, जिच्यात तिचे दोन्ही हात मिळून बुंध्याचा लहानसा भागच झाकला गेला होता, आणि ब्रह्मदेशातून आलेल्या उर्वशीचा बहर: खाली झुकलेल्या लांब तुऱ्यांवर लालभडक फुले आणि पाकळीच्या टोकाशी पिवळा ठिपका. उर्वशीसाठी लेन्स खालून वर धरावी लागते आणि वाऱ्यात तुरा सतत डोलतो, म्हणून आम्ही सकाळी पहिल्या अर्ध्या तासात, हवा स्थिर असताना, ते काम उरकले. मुलीच्या पालकांची लेखी संमती आधी घेतली होती. अनोळखी प्रेक्षकांचे चेहरे, विशेषतः मुलांचे, व्यावसायिक चित्रात येऊ देऊ नयेत. ‘येथे चित्रीकरण सुरू आहे’ असा मराठी आणि हिंदी फलक लावला की बहुतेक लोक समजून घेऊन बाजूने जातात.

आवारालगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि त्याच्या बाहेर उभा असलेला घारापुरीचा दगडी हत्ती यांचे व्यवस्थापन वेगळे आहे. ते चौकटीत हवे असतील तर त्यांची परवानगी स्वतंत्रपणे मागावी.

बागेत पोहोचण्यासाठी मध्य रेल्वेचे भायखळा स्थानक पूर्वेला उतरून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. साहित्याचा टेम्पो बाहेरच थांबेल असे धरून चाकाच्या पेट्या आणाव्यात. जनरेटर टाळावा, बॅटरीवरचे काम पुरते. डॉ. आंबेडकर मार्गावरची वाहतूक दिवसभर ऐकू येते, त्यामुळे निवेदन स्टुडिओत ध्वनिमुद्रित करावे आणि बागेतून केवळ पक्ष्यांचे, पाण्याचे आणि पाचोळ्याचे आवाज घ्यावेत. ड्रोनचा विचार सोडून द्यावा. २०२१ च्या ड्रोन नियमांतील क्षेत्रनिर्बंध आणि मुंबई पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश बाजूला ठेवले, तरी डोक्यावर घोंघावणारे यंत्र पक्ष्यांसाठी शिकारी पक्ष्यासारखेच असते.

पॅकअपच्या वेळी आम्ही प्राणीरक्षकांना सोबत घेऊन प्रत्येक जागा पुन्हा चालून पाहिली. गॅफर टेपचे दोन तुकडे, एक लेन्सकॅप आणि बिस्किटाचा एक रिकामा पुडा सापडला. असा पुडा आवारात उडून गेला आणि एखाद्या हरणाने गिळला तर त्याच्या जिवावर बेतू शकते. जागा सुस्थितीत सोडल्याची सही त्याच दिवशी घ्यावी, कारण अनामत परत मागताना तीच लागते. तिच्यासोबत मूळ पावती, रद्द केलेला धनादेश आणि पूर्ण झालेल्या कामाची प्रत जोडून अर्ज द्यावा. आम्ही दिनदर्शिकेच्या दहा प्रती कार्यालयात दिल्या, आणि एक प्रत चितळांच्या त्या प्राणीरक्षकांच्या हातात दिली.