‘खोदकाम’ लिहू नका: आमच्या चर्चच्या विहिरीचा अनुभव

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण चर्चच्या आवारात पाणी जिरवायचं असेल, झाडं लावायची असतील, तर अर्जात ‘खोदकाम’ हा शब्द लिहू नका. ‘खड्डा’ही नको. या एका शब्दापायी आमचे तेरा महिने गेले, एक अख्खा पावसाळा गेला, आणि एसटीच्या तिकिटांत किती गेले हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

मी वऱ्हाडातल्या एका लहान गावचा. पाच एकर वावर, कापूस आणि तूर. मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, सचिव नाइलाजाने झालो, कारण अर्ज लिहिणारी पोरं सगळी पुण्याला गेली. छत्तीस कुटुंबं, मिशनच्या काळातलं टिनाच्या छताचं चर्च, मागे दफनभूमी, एक जुनी चिंच आणि एक बांधीव विहीर. होळी झाली की विहिरीचा तळ दिसायला लागतो. जिल्हा कोणता, मंडळी कोणती, ते लिहीत नाही. ज्यांच्यावर चिडून लिहितोय त्यांच्याकडे मला अजून कामं आहेत.

सुरुवात झाली सप्टेंबर २०२२ मध्ये. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, नवीन आले होते. त्यांनी जाहीर केलं की १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा काळ म्हणून पाळायचा. १ सप्टेंबरचा दिवस १९८९ साली ऑर्थोडॉक्स मंडळीचे प्रमुख धर्मगुरू दिमित्रियोस यांनी सृष्टीसाठी प्रार्थनेचा म्हणून ठरवला, आणि ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे सृष्टीची काळजी घेण्याबद्दलचं पत्र काढलं, त्याबद्दलही ते बोलले. आमचे एक काकाजी लगेच उठले, “पोपचं आपल्याले काय करायचं जी? आपण थोडीच कॅथलिक आहो.” पाळकसाहेब म्हणाले, विहीर कोरडी पडते तेव्हा ती कोणाची मंडळी हे विचारते का?

उपदेश बायबलातल्या उत्पत्ती २:१५ वर होता. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. मशागत आम्हाला शिकवायची गरज नाही. राखण म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर मचाण आणि रानडुकरं आली. “डुकरांपासून राखता, मग आपल्यापासून कोण राखणार?” असं ते म्हणाले तेव्हा चर्चमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते सगळ्यांच्या आठवणीत होतं. लेवीय २५ मधलं सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचं वाचलं तेव्हा मात्र मागच्या बाकावर हसू फुटलं. पीककर्जाचा हप्ता सातव्या वर्षी विसावा घेतो का?

ठरलं ते असं: छताचं पाणी गाळून विहिरीत सोडायचं आणि आवारात, दफनभूमीच्या कडेने देशी झाडं लावायची. छत चाळीस फूट लांब, बावीस फूट रुंद, म्हणजे साधारण ८२ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमच्याकडे वर्षाला ८०० मिलिमीटर धरले आणि वीस टक्के वाया गेले, तरी पन्नास हजार लिटरच्या वर पाणी. दहा हजार लिटरचे पाच टँकर. हा हिशोब मी फळ्यावर मांडला तेव्हा काकाजीसुद्धा गप्प झाले. वर्गणी महिनाभरात जमली. जानेवारीत ठराव झाला. इथवर सगळं सुरळीत.

जमीन आमच्या नावावर नाही. सातबारावर अजून जुन्या मिशनचं लांबलचक इंग्रजी नाव आहे, आणि कारभार बघतो एक ट्रस्ट, ज्याचं कार्यालय एसटीने पाच तासांवर. म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ना हरकत’साठी अर्ज केला. ते वाक्य मला तोंडपाठ आहे: “विहिरीलगत सहा बाय सहा फुटांचे खोदकाम करून गाळणी बांधण्यास परवानगी मिळावी.” अक्षर छान आलं म्हणून मी दोनदा वाचलंही होतं.

मार्चमध्ये काही नाही. एप्रिलमध्ये फोनवर, “फाइल टेबलवर आहे.” मे महिन्यात स्वतः गेलो, तर ठरावाची मूळ प्रत हवी, हजेरीच्या सह्यांसकट. परत आलो, आणखी सह्या गोळा केल्या, त्यातले दोघे सोयरिकीला गेलेले, त्यांच्यामागे परगावी गेलो. जूनमध्ये पुन्हा गेलो. मालमत्ता समिती तीन महिन्यांतून एकदा बसते, ती नुकतीच बसून उठली होती. (पोच घ्यायला विसरू नका, आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली. माझी पहिली पोच नव्हती म्हणून एकदा “अर्जच नाही” असंही ऐकलं.)

पाऊस उशिरा आला, पण आला. पहिल्या मोठ्या सरीला मी चर्चच्या पडवीत उभा होतो. टिनावरून पाणी धो-धो पडत होतं, आवारातून फाटकाकडे, फाटकातून रस्त्यावर, रस्त्यावरून नाल्यात. मी मनात टँकर मोजत होतो. नंतर ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासून नोंदी आहेत, त्यातला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. त्या वर्षी नाताळाच्या जेवणासाठी आम्ही पाणी विकत आणलं.

सप्टेंबरच्या सभेत फाइल एकदाची निघाली. कायदेशीर सल्लागारांनी तीन मुद्दे काढले. खोदकामाने हद्दीचा वाद होऊ शकतो. खोदकामात मुरूम निघेल, त्याला गौण खनिजाची परवानगी आहे का. आणि मोजणीचा नकाशा जोडावा. सहा फुटांच्या खड्ड्याला!

पटवाऱ्याला विचारलं. तो हसला. “मुरूम गाडीत भरून विकता काय? नाही ना? मंग आपल्याच आवारात पसरवा अन् मोकळे व्हा.” पण लिहून द्यायला तयार नाही, कारण असलं कोणी कधी लिहून मागितलंच नव्हतं. मोजणीच्या कार्यालयात म्हणाले, अर्ज जमीनधारकाने करायचा. धारक कोण? सातबारावर ज्याचं नाव आहे ते मिशन. ते मिशन कुठे आहे? गेलं विलायतेला. मग ट्रस्टने अधिकारपत्र द्यावं. ट्रस्ट म्हणालं, अधिकारपत्र समिती देईल. समिती म्हणाली, आधी नकाशा आणा.

हे गोल फिरणं नोव्हेंबरपर्यंत चाललं. नोव्हेंबर म्हणजे कापूस वेचणीचे दिवस, मजूर मिळत नाही, आणि मी पाच तास एसटीत बसून एका बाकावर दुपारपर्यंत बसलेला. त्या दिवशी माझा तोल गेला. तिथल्या बाबूंना मी नको ते बोललो. नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप दगड आणि जीवाश्म शोधत या मुलखातली जमीन उकरत हिंडले, त्यांच्या नावाचं खनिजसुद्धा आहे, आणि तुमच्या समितीला एक खड्डा वाचता येत नाही, असं काहीतरी. बाबू खाली मान घालून लिहीत राहिले. परतीच्या एसटीत मला लाज वाटली, पण राग जास्त होता.

एक मान्य करतो. ट्रस्टचं भिणं अगदीच खोटं नाही. मिशनच्या जागांवर कोणाचं शेड उभं राहतं, कोणाचं कुंपण पुढे सरकतं, आणि मग कोर्टात पिढ्या जातात. आमच्याच फाटकाशेजारी पानठेला आहे, तो दरवर्षी वीतभर आत येतो. त्यांना प्रत्येक कुदळीत वाद दिसतो. पण म्हणून तेरा महिने?

जानेवारीत पुन्हा गेलो, या वेळी शिदोरी घेऊन. जेवायच्या सुट्टीत तेच बाबू समोर आले. मी भाकर आणि ठेचा पुढे केला, कारण एकट्याने खाणं बरं वाटेना. ते खाता खाता म्हणाले, “भाऊ, थे खोदकाम काढून टाका ना. विहिरीची देखभाल-दुरुस्ती लिहा. देखभालीले समिती लागत नाही, कार्यालयच उत्तर देते.”

“हे आधी कायले नाही सांगितलं?”

“तुमी विचारलं कुठी? अन् नोव्हेंबरात तर तुमी ऐकायच्या परिस्थितीत नव्हते.”

तिथेच बसून नवा अर्ज लिहिला: ‘विहिरीची देखभाल-दुरुस्ती व छताचे पाणी गाळून विहिरीत सोडण्याची व्यवस्था.’ सोबत त्याच ट्रस्टचं एक परिपत्रक जोडलं, ज्यात सर्व मंडळ्यांनी सृष्टीच्या काळात पाणी वाचवण्याचे उपक्रम राबवावेत असं लिहिलं होतं. हे परिपत्रक वर्षभर माझ्याच बायबलात खुणेसाठी होतं!

मार्च २०२४ मध्ये पत्र आलं. दोन ओळी. सदर काम देखभाल स्वरूपाचे असल्याने परवानगीची आवश्यकता नाही. म्हणजे ज्याची परवानगी लागत नव्हती, ती मागायला मी तेरा महिने हिंडलो. पाळकसाहेब उपकारस्तुती करू म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही करा, मी थोडा वेळ चिंचेखाली बसतो.

बांधकामाला आठ दिवस लागले. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो. काळ्या मातीत पाणी झिरपत नाही, ती फुगते आणि बंद होते. म्हणून काळी आणि खालची पिवळी माती काढून मुरमापर्यंत गेलो, पाच फूट. तळाला डोक्याएवढे दगड, वर गिट्टी, सगळ्यात वर जाड रेती. छताला पन्हाळ, त्यातून पाइप गाळणीत, गाळणीच्या तळातून चार इंची पाइप विहिरीत. हा पाइप विहिरीच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे काढा, नाहीतर धार भिंतीवर पडून बांधकाम ढासळतं. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी ठेवा. कबुतरांची विष्ठा आणि वर्षभराची धूळ त्यात येते. रेती दर उन्हाळ्यात काढून धुवायची. आणि शेजारच्या वावरातलं वाहतं पाणी कोणी कितीही म्हटलं तरी विहिरीत घेऊ नका. त्यात फवारणीचं विष असतं. आम्ही फक्त छताचं घेतलं.

झाडांचं सोपं गेलं, म्हणजे लावणं सोपं गेलं. कडुलिंब, जांभूळ, करंज, बेहडा, सीताफळ, एकतीस रोपं, जुलैत संडे स्कूलच्या पोट्ट्यांनी लावली. प्रत्येक रोप एका कुटुंबाच्या नावे. बकऱ्यांना ही वाटणी मान्य नव्हती. बाभळीच्या काट्यांचं कुंपण मी आधीच करायला हवं होतं, ते बारा रोपं गेल्यावर केलं. एकोणीस उरली.

हो, एक राहिलंच. परवानगीची वाट बघत बसू नका. त्या तेरा महिन्यांत महिला संघाने ज्या गोष्टी केल्या, त्यांना कोणाच्या सहीची गरज नव्हती. नाताळाच्या जेवणातून थर्माकोलच्या पत्रावळी गेल्या, पळसाच्या आल्या, आणि ज्यांना त्या टोचतात त्यांनी घरून ताट आणलं. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आधी नाल्याकाठची शिंदी ओरबाडली जायची. आता एका झाडाच्या एक-दोनच झावळ्या, त्याही झाडाच्या मालकाला विचारून, आणि शेंडा कापायचा नाही. कबरींवरचे प्लास्टिकचे हार बंद करायला सगळ्यात जास्त वाद झाला. “माह्या मायच्या कबरीवर मी काय ठेवीन थे माह्यं,” असं एक बाई म्हणाल्या. त्यांना कोणी अडवलं नाही. पुढच्या ईस्टरच्या पहाटे त्यांनी स्वतःहून शेवंती आणली, प्लास्टिकचा हारही आणला, आणि दोन्ही ठेवलं.

मे २०२५ मध्ये विहिरीत पाणी होतं. फार नाही, माझ्या कमरेएवढं असेल. पण दोर पुरला. २०२३ च्या मे मध्ये त्याच दोराला दुसरा तुकडा बांधून खाली गाळ आणि चिखलच वर आला होता. काकाजी दोर ओढून गेले आणि काही बोलले नाहीत. आता रोज संध्याकाळी स्वतःच्या रोपाला एक बादली घालतात, शेजारच्याच्या रोपाला अर्धी.

गेल्या महिन्यात ट्रस्टचं पत्र आलं. सृष्टीच्या काळातील उल्लेखनीय कामांसाठी आमची विहीर निवडली आहे, तरी छायाचित्रांसह सविस्तर अहवाल तीन प्रतींत पाठवावा. मी बसून लिहिला. त्यात ‘खोदकाम’ हा शब्द नऊ वेळा आला आहे. पोचही घेतली, शिक्क्यासकट.